झऱ्यावरचा नंबर

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२



आजच्या श्लोकात भगवंतांनी एक शब्द वापरलाय, तो फार कडक आहे. चोर. देवांनी दिलेलं जो त्यांना काहीच परत न देता भोगत राहतो तो चोरच, असं सरळ सांगून टाकलंय. अज्ञानी नाही, मूढ नाही. चोर.

खरं सांगते, दरवर्षी मी या श्लोकावरून पटकन पुढे जाते. यज्ञ, हविर्भाग, इंद्र, वरुण, हे सगळं त्या काळचं, असं मनात म्हणते आणि पुढचं पान उलटते. आपण कुणाचं काय चोरलंय? टॅक्स भरतो, सोसायटीचा मेंटेनन्स भरतो, पाण्याच्या जारचे पैसे फोनवरून तिथल्या तिथे देतो. यंदा मात्र हा श्लोक आला तेव्हा मी नुकतीच मोहोळहून परतले होते, आणि गाडीच्या डिकीत झऱ्याचं चाळीस लिटर पाणी होतं.

मोहोळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून सोलापूरला जाताना सोलापूरच्या आधी पस्तीसेक किलोमीटरवर लागतं. हडपसरहून निघालेला ज्ञानेश्वर माउलींचा पालखी मार्ग पंढरपूर ओलांडून पुढे मोहोळलाच येऊन हायवेला मिळतो. नागनाथ महाराजांचं गाव. माझं आजोळ याच तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. मोहोळहून गावाकडे जाताना एका ओढ्यावर फरशी आहे. तिच्या खालच्या बाजूला, काठाच्या पोटात, झरा आहे.

झरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कदाचित घाटातला, गोमुखातून धो धो पडणारा झरा येईल. हा तसा नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. पडलेलं पाणी मुरमातून खाली उतरतं, काळ्या पाषाणावर जाऊन अडतं आणि आडवं सरकायला लागतं. जिथे ओढ्याने जमीन कापलीय तिथे ते बाहेर डोकावतं. दिवाळीत मनगटाएवढी धार असते. मार्च आला की करंगळीएवढीसुद्धा नाही. लोकांनी दगड लावून परातीएवढा एक खळगा केलाय, त्यात ते पाझरून साचतं. वाटीने घ्यायचं. पुन्हा साचायची वाट बघायची.

गावात नळ आहे, मोहोळात जार मिळतात, तरी लोक मोटारसायकलला कॅन बांधून इथे थांबतात. बोअरचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, चहा मचूळ लागतो. झऱ्याच्या पाण्याला चव आहे. पुढे सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की पाण्यातला रस म्हणजे मीच. तो श्लोक आला की मला नेहमी हाच झरा आठवतो. म्हणून तर मी प्रत्येक वेळी पुण्याला येताना दोन जार भरून आणते. आईला देते, शेजारच्या काकूंना देते, स्वतः पिते, आणि हो, मागे त्याचा फोटोही टाकला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यावर हात जोडले होते.

यंदा गेले ती मार्चची दुपार होती. मी आधी पोचले, म्हणून पहिला नंबर माझा. एक जार अर्धा झाला असेल तेवढ्यात गावातली एक आजी घागर घेऊन आल्या. माझी घाई बघून म्हणाल्या, "लेकरा, तळ खरवडू नगंस. वाटी बुडंल तेवढंच घ्यायचं. निवळू दे. मग पुन्ना." मी वाटी जोरात आपटत होते, त्यामुळे खळगा गढूळ झाला होता. आम्ही दोघी थांबलो. दोन-तीन मिनिटांत माती खाली बसली, पाणी असं नितळ झालं की तळाचा एक-एक खडा दिसायला लागला. मला एवढं छान वाटलं! मनात म्हटलं, आजचं चिंतन मिळालं. मन निवळू देणं, साधना, धीर, वगैरे. शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

मग एक बाई आली. ऊसतोडीच्या टोळीतली, बीडकडची. रस्त्यापलीकडे मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या होत्या. डोक्यावर घागर, कडेवर दीड-दोन वर्षांचं लेकरू, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. ती माझ्या मागे, आजींच्या शेजारी उभी राहिली. आणि त्याच आजी, ज्यांनी मला इतकं सुंदर शिकवलं होतं, तिला म्हणाल्या, "तू थांब जरा तिकडं. गावचं होऊ दे."

ती काही न बोलता बाजूला सरकली. बाभळीच्या सावलीला बसली. पुढच्या अर्ध्या तासात गावातले आणखी दोघं मोटारसायकलवरून आले आणि तिच्या पुढे उभे राहिले. तिने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही, म्हणजे हे रोजचंच असणार. लेकरू मात्र पाण्याकडे बघत होतं.

आता माझं सांगते. मी गावची नाही. मी पुण्याची. माझं नाव तिथल्या कुठल्याच रेशनकार्डावर नाही. ती बाई पाच महिने तिथे राहत होती, मी दीड दिवसाची पाहुणी. तिची एक घागर, माझे दोन जार. पण मी फलाण्याची भाची, म्हणून "गावचं" यात मी बसले. आणि मी काय केलं? गप्प बसले. दुसरा जारही काठोकाठ भरला. निवळू देत, नीट, न खरवडता.

घरी आल्यावर मामाला सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, चुकलं आजींचं. तो तसं म्हणाला नाही. शांतपणे म्हणाला, "हे बघ, दरवर्षी पावसाच्या आधी त्या झऱ्याचा गाळ कोण काढतं? आम्ही. दगड कुणी लावले? आमच्या आज्यानं. बहात्तरच्या दुष्काळात मी एवढुसा होतो, आईबरोबर रात्री दोनला तिथं नंबर लावलाय. राखलं म्हणून राहिलं. टोळीचं पाणी मुकादमानं बघायचं असतं. आज एकीला दिलं की उद्या तीस घागरी येतील, चार दिवसांत झरा आटंल. मग त्यांनाबी नाही, आपल्यालाबी नाही."

मंडळी, हे बोलणं मला सहज टाकून देता येईना. मामा वाईट माणूस नाही. वारीत दरसाल दिंडीला जेवण घालतो. आणि त्याचा मुद्दा आजच्या श्लोकात चपखल बसतो, हीच तर माझी पंचाईत. परत काही न देता भोगतो तो चोर. गावाने परत दिलंय: गाळ काढला, दगड लावले. टोळीने त्या झऱ्याला काय दिलं? श्लोक हातात घेऊन कुणी झऱ्यावर न्याय करायला बसला, तर निकाल मामाच्या बाजूने लागेल का?

१९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा यज्ञाचा अर्थ फार साधा करतात. आपण सृष्टी वापरतो म्हणजे तिची झीज करतो, ती झीज भरून काढणं हा यज्ञ. समाजाकडून जे घेतलं त्याची फेड म्हणजे दान. विहीर वापरली तर तिच्या भोवतीचा चिखल काढणं, हेही त्यांनी यज्ञातच धरलंय. म्हणजे मामाचं गाळ काढणं हा पक्का यज्ञ. यात मला शंका नाही.

पण मग त्या संध्याकाळी मी चहात साखर घातली आणि चमचा हातातच राहिला.

ही साखर कशी येते? या तालुक्यात पाऊस साडेपाचशे मिलिमीटर, आणि ऊस हे बारा महिने पाणी मागणारं पीक. उजनीचा कालवा आहे, बोअर आहेत, सगळं मुरमातलं पाणी उसाकडे वळलेलं. झरा मार्चमध्येच करंगळीएवढा होतो त्याचं एक कारण तेही आहे. आणि तो ऊस तोडायला कोण येतं? तीच बाई. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून "एक कोयता" म्हणतात. पाऊस संपताना मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढचे चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची. म्हणजे बघा, झऱ्यावर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांमध्ये अक्षरशः कर्ज फेडत असलेली ती एकटीच होती. आणि परत काही न देणारी म्हणून बाजूला बसली होती तीच.

मी हे मामाला बोलले. त्याने एका वाक्यात उत्तर दिलं, "त्याचे पैसे मिळतात की त्यांना."

त्या वाक्याशी मी अजून झगडतेय, कारण ते वाक्य माझंच आहे. वर मीच लिहिलंय ना, जारचे पैसे तिथल्या तिथे देते म्हणून? पैसे दिले की फिटलं. तुमचं-माझं शहरातलं सगळं जगणं याच समजुतीवर चालतं. कुणाचं काही देणं लागत नाही, कारण प्रत्येक गोष्टीची पावती आहे. झऱ्यावर पावती नाही म्हणून तिथे पहिल्यांदा लक्षात येतं की आपण काहीतरी घेतोय. जारच्या दुकानात ते लक्षात येत नाही, पण घेतलेलं पाणी तेच, मुरमातलंच असतं. पैसे माणसाला पोचतात. मुरमाला काय पोचतं? त्या लेकराला काय पोचलं?

आणि माझं स्वतःचं खातं तर याहून वाईट आहे. मी पुण्यात बेसिनमध्ये जे सोडते ते मुळा-मुठेत जातं, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत. पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्यामुळे उजनीचं पाणी कसं झालंय हे सोलापूरकरांना विचारा. तिथून काही पाणी कालव्याने मोहोळ तालुक्यात, काही नदीने पंढरपुरात. आपण ज्या चंद्रभागेत उभे राहून डोळे मिटतो ना, ती हीच भीमा. म्हणजे खालच्या लोकांना मी माझं वापरलेलं पाणी पाठवते, आणि त्यांच्याकडे जो एक चांगला झरा उरलाय त्याचं पाणी डिकीत घालून वर पुण्याला आणते. वर फोटो टाकते. श्लोकातला तो कडक शब्द कुणासाठी आहे हे शोधायला मला इंद्र-वरुणापर्यंत जायची गरजच नव्हती.

कायद्याला विचारावं म्हटलं, तर तो झऱ्यापाशी येऊन घुटमळतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमिनीखालचं पाणी हे जवळजवळ जमीनमालकाचंच धरलेलं. १९९६ साली कमलनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नद्या, वाहतं पाणी, जंगलं ही कुणाची खासगी मालमत्ता नव्हे, सरकार त्यांचं फक्त विश्वस्त आहे. छानच. पण दोन घागरींतली आधी कुठली भरायची, हे कुठलंच कलम सांगत नाही.

ते सांगणारी एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे. (एकनाथ महाराजांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ती नव्हे. ती आपल्याला इतकी पाठ आहे की ती ऐकून आता काही हलत नाही.) वनपर्वातली यक्षाची गोष्ट. पांडव तहानलेले. नकुल तळ्यावर जातो. यक्ष म्हणतो, हे तळं आधीपासून माझं आहे, माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पी. नकुल ऐकत नाही, पितो, पडतो. तसाच सहदेव, अर्जुन, भीम. शेवटी युधिष्ठिर येतो. चार भाऊ पडलेले, घसा कोरडा, आणि तरी तो यक्षाला सांगतो की जे आधीपासून तुझं आहे त्याचा मला लोभ नाही, विचार काय विचारायचं ते.

इथपर्यंत गोष्ट मामाच्या बाजूची आहे. ज्याने राखलं त्याचा मान ठेवा. युधिष्ठिर यक्षाचा हक्क उडवून लावत नाही. तहान लागली म्हणून सगळं माझं, असं तो म्हणत नाही. आजींनी मला तळ खरवडू नको म्हटलं, तेव्हा त्या यक्षाच्याच जागी होत्या आणि बरोबर होत्या.

पण प्रश्नोत्तरं झाल्यावर यक्ष म्हणतो, एका भावाला उठवतो, कुणाला उठवू? सगळ्यांना वाटतं भीम किंवा अर्जुन. राज्य परत मिळवायचं तर तेच हवेत. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कारण विचारल्यावर सांगतो: वडिलांना दोन बायका, कुंती आणि माद्री. कुंतीचा एक मुलगा, मी, जिवंत आहे. माद्रीचाही एक राहू दे. दोन्ही आया मला सारख्या.

माद्री तेव्हा हयातही नव्हती. तिच्या बाजूने बोलायला तळ्यावर कुणी नव्हतं, आणि युधिष्ठिराला कुणी विचारलंही नव्हतं की दुसऱ्या आईचं काय. लहानपणापासून मी या गोष्टीत प्रश्न आणि उत्तरं पाठ केली. वाऱ्याहून वेगवान काय, गवताहून जास्त काय. या शेवटच्या निवडीकडे लक्षच नव्हतं. यंदा आठवली ती बाभळीखालच्या बाईमुळे. तिथे दोन आयांची घागर होती, आणि मी माझ्या आईसाठी दोन जार भरत होते.

ते पाणी होतं किती, हेही सांगायला हवं. माझ्या चाळीस लिटरला जवळजवळ सव्वा तास लागला. तेवढ्यात तीन घागरी सहज भरल्या असत्या. म्हणजे मामा म्हणतो ते "एकीला दिलं की झरा आटंल" हे माझ्या जारांच्या बाबतीत कुणालाच आठवलं नव्हतं, मलाही नाही.

आणि तारीख बघा. मार्चचा महिना. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ते तळं नगरपालिकेचं होतं, सगळ्यांना खुलं करायचा ठराव आधीच झालेला होता. तरी ते कोर्टात गेलं, हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आमच्या पंढरपूरच्या महाद्वारात ज्यांच्या समाधीपुढे आपण वाकतो ते चोखोबा गेले कसे, आठवा: मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळून. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवलं त्याच गावाची कूस. झऱ्यावरची ती बाई कुठल्या जातीची हे मी विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. "गावचं होऊ दे" एवढ्यावर काम भागलं.

मी आजींवर हे ढकलत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. त्या माणसाने आयुष्यभर वाटीने पाणी भरलंय. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मला जारवाली पुण्याची बाई आधी हाकलावीशी वाटली असती. त्यांनी हाकललं नाही, तळ कसा सांभाळायचा ते शिकवलं. मला सलतंय ते माझं गप्प बसणं. "आजी, माझा एक जार राहू दे, तिची घागर आधी भरू," एवढंच म्हणायचं होतं. आठ-दहा शब्द. रोज सकाळी तुमच्यासाठी हजार शब्द लिहिणाऱ्या बाईला ते सापडले नाहीत.

एक जार आईकडे गेला. तिला हे सगळं सांगितलं नाही. तिने त्याच दिवशी तुरीची डाळ लावली आणि फोन केला, बघ कशी लोण्यासारखी शिजलीय. दुसरा माझ्या ओट्याखाली आहे. त्यातलं पाणी मी पितेय, ओतून देण्यात काही अर्थ नाही. पण कालपासून बेसिनखालच्या बाटल्या वाचायला घेतल्यात, कुठल्या फिनाइलमध्ये काय आहे, भांड्यांच्या साबणात काय आहे. एवढ्याने उजनी स्वच्छ होत नाही, माहितीय.

काल मामाला फोन केला. टोळी गेली, म्हणाला, पट्टा पडला कारखान्याचा, कोप्या मोडून गेले सगळे. झरा आटत आलाय, आता खळगा भरायला रात्र लागते. विचारलं, गाळ कधी काढणार? म्हणाला, मेअखेरच्या रविवारी, पाऊस लागायच्या आत. मी येते म्हटलं. तो हसला. म्हणाला, "ये की. पण येताना जार आणू नको. घमेलं आण."

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत तिघांची जागा आहे. गावात याबद्दल मी काय बोलणार, मामापुढे बोलणार की आजींपुढे, अजून ठरत नाहीये. सुचवलंत तर बरं होईल.

उद्या श्लोक १३. फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्यांबद्दल आहे.

राम कृष्ण हरी.